ड्रिलच्या बॅटरीवर राउटर चालवायचा, तर आधी राखणदार बसवा

माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर एक मेलेली बॅटरी ठेवलेली आहे. १८ व्होल्टची, २ अँपिअर-अवर क्षमतेची, जवळपास नवीच. तिच्या जिवावर भिंतीत जेमतेम दहा-बारा भोकं पाडली असतील. आमच्या पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात. अशाच एका गुरुवारी सकाळी मी ती व्होल्टेज उतरवणाऱ्या एका छोट्या कन्व्हर्टरला जोडली आणि राउटर चालवला. काम उत्तम झालं. दुपारी वीज आली, राउटरची पिन परत भिंतीवरच्या अडॅप्टरला लावली, पण बॅटरी कन्व्हर्टरला तशीच लागलेली राहिली. दोन आठवड्यांनी ड्रिलसाठी ती काढली, तर मल्टीमीटरवर ७.९ व्होल्ट. चार्जरने तिला घेतलंच नाही.

तिला मारलं ते कन्व्हर्टरवरच्या इवल्याशा लाल दिव्याने. दिवा आणि कन्व्हर्टर मिळून रिकामं बसून साधारण १० मिलीअँपिअर खात होते. दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर. पूर्ण भरलेली २ अँपिअर-अवरची बॅटरीसुद्धा आठ-नऊ दिवसांत कोरडी होईल, आणि माझी तर आधीच अर्ध्याच्या खाली आली होती.

नव्याने या वाटेला येणाऱ्यांना मला सांगायचं आहे ते हेच. ड्रिलच्या बॅटरीतून वीज काढणं अजिबात अवघड नाही. ती वेळेवर थांबवणं हे खरं काम आहे. ड्रिलमध्ये बॅटरी बसवलेली असते तेव्हा तिच्यावर पहारा असतो आणि बऱ्याच पॅकच्या बाबतीत तो पहारेकरी बॅटरीत नसून ड्रिलमध्ये असतो. व्होल्टेज फार खाली आलं की ड्रिलचं सर्किट मोटर बंद करतं. तुम्ही बॅटरी ड्रिलमधून काढून दुसऱ्या कशाला जोडलीत की पहारेकरी मागेच राहतो. काही कंपन्यांच्या पॅकमध्ये ही सोय आतच असते, पण बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून नाहीच असं धरून चालायचं.

हा खटाटोप कुणी करावा?

ज्यांच्याकडे बॅटरीवाली ड्रिल किंवा ग्राइंडर आधीपासून आहे, एक-दोन पॅक रिकामे पडून आहेत, त्यांनी. घरात असं काहीच नसेल आणि फक्त गुरुवारचा राउटर हवा असेल, तर राउटरसाठी तयार मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्या. तो स्वस्त पडतो आणि वीज गेल्यावर आपोआप चालू होतो. ट्रेकसाठी म्हणाल, तर राजगडावर जाताना मी स्वतः पॉवर बँकच नेतो. १८ व्होल्ट ४ अँपिअर-अवरचा पॅक ७२ वॉट-अवरचा (व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर) आणि वजनाला सहाशे ग्रॅमच्या आसपास. २०,००० मिलीअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेत ७४ वॉट-अवर असतात आणि ती पुष्कळ हलकी असते. पाठीवर घेऊन पद्मावती माचीपर्यंत चढायचं असेल तेव्हा हा फरक जाणवतो.

आणखी एक गोष्ट खर्चाच्या आधी तपासा. वीज गेल्यावर तुमच्याकडे इंटरनेट येत राहतं का? तुमचा राउटर चालू राहिला, पण केबलवाल्याची नेट वाटणारी पेटी, म्हणजे स्विच, तुमच्याच गल्लीतल्या त्याच विजेवर असेल, तर राउटर दिवे लावून नुसता बसेल. शेजाऱ्यांकडे इन्व्हर्टर असेल तर पुढच्या गुरुवारी त्यांना विचारा, किंवा तुमचा राउटर तासभर त्यांच्याकडे लावून बघा. फायबर थेट घरात आलं असेल तर बहुतेक वेळा नेट सुरू राहतं. पण पेटीपासून पुढे तांब्याची वायर येत असेल, तर आधी खात्री करून घ्या.

हातातली बॅटरी ओळखा

१८ व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६, म्हणून पाचांचे १८. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ व्होल्टला जातो, म्हणून पॅक २१. काही कंपन्या याच पॅकवर २० व्होल्ट मॅक्स लिहितात, स्वस्तातल्या ड्रिलवर २१ व्होल्ट छापलेलं असतं. तिन्ही एकच. १२ व्होल्टच्या छोट्या ड्रिलमध्ये तीन सेल, म्हणजे भरलेला १२.६ आणि सरासरी १०.८.

बाजारात आणखी एक प्रकार दिसतो. ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ असे मोठमोठे आकडे आणि शेजारी हजारोंच्या घरातले मिलीअँपिअर-अवर. घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. पॅक पूर्ण चार्ज करा, मल्टीमीटर डीसीच्या २०० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, लाल प्रोब प्लसला आणि काळी मायनसला. २१ च्या जवळ आकडा आला की आत एकापुढे एक पाचच सेल आहेत, वर काहीही छापलेलं असो.

क्षमता खरी की खोटी हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बऱ्यापैकी कळतं. १८६५० म्हणतात तो सेल १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर उंचीचा. वजन ४५ ते ५० ग्रॅम, आणि चांगल्यातला चांगला सेल साधारण साडेतीन अँपिअर-अवरचा. २१७०० हा त्याचा थोरला भाऊ, सुमारे ७० ग्रॅमचा, ५ अँपिअर-अवरपर्यंत. आता डबीसकट ३०० ग्रॅमचा पॅक स्वतःला ६ अँपिअर-अवर म्हणवून घेत असेल, तर हिशेब जुळत नाही. त्या वजनात पाच १८६५० मावतात, म्हणजे प्रत्यक्षात दीड ते अडीच.

या लेखात मी १८ व्होल्टचाच पॅक धरलाय, त्याला कारण आहे. राउटरला बहुतेक वेळा १२ व्होल्ट लागतात. १८ चा पॅक भरलेला असताना २१ आणि रिकामा होताना १५-१६, म्हणजे कायम १२ च्या वर. त्यामुळे व्होल्टेज नुसतं खाली आणायचं, आणि ते काम साधा, स्वस्त बक कन्व्हर्टर करतो. १२ व्होल्टचा पॅक मात्र साडेबारापासून नऊपर्यंत घसरतो. त्याला कधी उतरवणारा आणि कधी चढवणारा असा दुहेरी कन्व्हर्टर लागतो. पहिल्याच वेळी त्यात शिरू नका.

पहिली पायरी: फोन चार्ज करून बघा

राउटरआधी हा सोपा प्रयोग करा. गाडीत लावायचे यूएसबी चार्जर असतात ना, त्यांतल्या बऱ्याच चार्जरवर इनपुट १२-२४ व्होल्ट असं छापलेलं असतं, कारण ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात. आपला १५ ते २१ व्होल्टचा पॅक या पट्ट्यात आपसूक बसतो. नुसतं १२ व्होल्ट छापलेला चार्जर घेऊ नका.

लागणाऱ्या वस्तू तीन. पॅकवर सरकून बसणारा प्लास्टिकचा डॉक, ज्यातून लाल-काळ्या दोन वायरी बाहेर येतात. तो तुमच्या बॅटरीच्या कंपनीनुसार ऑनलाइन मिळतो. दुसरं, गाडीच्या लायटरचं सॉकेट, ज्यात चार्जर बसतो ते, नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळेल. आणि तिथूनच ब्लेड फ्यूज, होल्डरसकट, ५ अँपिअरचा.

डॉक हातात आला की सगळ्यात आधी तो बॅटरीवर बसवून वायरींची टोकं मल्टीमीटरने तपासा. लाल म्हणजे प्लस असेलच असं नाही. माझ्या दोनपैकी एका डॉकमध्ये रंग उलटे जोडलेले होते. रंगावर विश्वास टाकून पुढे गेलो असतो, तर चार्जर जळाला असता. तपासून झालं की बॅटरी काढा, आणि बॅटरी बाजूला असतानाच प्लसच्या वायरीवर, डॉकपासून जास्तीत जास्त वीतभर अंतरात फ्यूज बसवा. मग सॉकेट: मधलं टोक प्लस, बाहेरची कडा मायनस. बॅटरी नेहमी सगळ्यात शेवटी लावायची आणि सगळ्यात आधी काढायची.

फ्यूजला फाटा देऊ नका. ड्रिलचा पॅक भिंतीत अडकलेल्या बिटला पिळून काढण्यासाठी बनवलेला असतो, सहज २०-३० अँपिअर देतो. दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर त्याहून कितीतरी जास्त. एक स्क्वेअरची (एक चौरस मिलिमीटर जाडीची) वायर तेवढ्यात लाल होते, आणि तिच्यावरचं प्लास्टिक पेट घेतं.

तुमच्या बॅटरीच्या कंपनीचा स्वतःचा यूएसबी अडॅप्टर मिळत असेल तर हे सगळं टाळून तोच घ्या. मकिताचा एडीपी०५ आणि डिवॉल्टचा डीसीबी०९० हे असेच, पॅकवर सरकवले की झालं. फोनपुरतं काम असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. काम झालं की बॅटरी काढून ठेवण्याची सवय मात्र आजपासून लावा.

राउटरची पेटी: बाजारातून काय आणायचं

पुण्यात या सामानासाठी बुधवार पेठेला पर्याय नाही. पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत आणि वायर, फ्यूज, प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स हे तपकीर गल्लीत मिळतं. दुपारी गेलात तर गर्दी कमी असते आणि दुकानदार दोन शब्द बोलायला मोकळे असतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या काकांनी मला विचारलं, "लोड किती आहे तुमचा?" मला सांगता आलं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आधी अडॅप्टरवरचं वाचून या, मग देतो." आणि ते बरोबर होतं. चुकीचं सामान घेऊन घरी येण्यापेक्षा एक फेरी वाया गेलेली परवडते.

म्हणून जाण्याआधी राउटरच्या अडॅप्टरचा फोटो काढून घ्या. त्यावर आउटपुट १२ व्होल्ट १ अँपिअर, किंवा १.५, किंवा २ असं लिहिलेलं असेल. काही राउटर ९ व्होल्टचेही असतात, नीट वाचा. शेजारी एक छोटं गोल चित्र असतं. पिनच्या मधोमध प्लस की मायनस, ते त्यात दाखवलेलं असतं. बहुतेकांत मध्ये प्लस. पिन शक्य असेल तर सोबतच घेऊन जा. बाहेरून ५.५ मिलिमीटर जाड दिसणाऱ्या पिना आतून २.१ आणि २.५ अशा दोन मापांच्या येतात. २.१ च्या राउटरमध्ये २.५ ची पिन जाते, पण ढिली बसते आणि राउटर मधेच बंद-चालू होत राहतो. हा दोष शोधताना माणूस कन्व्हर्टर बदलत बसतो.

आणायचं ते असं. १ अँपिअरपर्यंतच्या राउटरला एलएम२५९६ या चिपवर चालणारं बक मॉड्यूल पुरतं. कागदावर ते ३ अँपिअरचं असतं, पण एवढ्याशा पट्टीवर, हीट सिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय), दीडच्या पुढे त्याला ताणू नका. राउटर २ अँपिअरचा असेल तर एक्सएल४०१५ चं मॉड्यूल घ्या. मग आपला राखणदार: लो व्होल्टेज कट-ऑफ मॉड्यूल. एक्सएच-एम६०९ या नावाने मिळतं, त्यावर आकडे दाखवणारा डिस्प्ले आणि एक रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) असते. ३ अँपिअरचा ब्लेड फ्यूज आणि होल्डर. एक स्क्वेअरची लवचिक लाल-काळी वायर मीटरभर. ५.५ बाय २.१ ची डीसी पिन, वायरसकट. हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे जोडावर चढवून गरम केली की आवळणारी नळी. पी६केई१५ए नावाचा एक डायोड, त्याचं काम पुढे सांगतो. आणि नाना पेठेतून गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब. बॅटरी सोडून माझा सगळा खर्च हजाराच्या आत आटोपला.

जोडणीचा क्रम

क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे, कारण तो राखणीचाच क्रम आहे. बॅटरी, लगेच फ्यूज, मग कट-ऑफ मॉड्यूल, मग बक कन्व्हर्टर, मग डायोड, शेवटी पिन. कट-ऑफ कन्व्हर्टरच्या आधी हवा. नंतर बसवलात तर राउटर बंद होईल पण कन्व्हर्टर खातच राहील, आणि माझ्या फळीवरच्या बॅटरीची गत होईल.

डाग देताना फ्यूज होल्डरमधून काढून खिशात ठेवा. बॅटरी दुसऱ्या खोलीत. ज्यांना सोल्डरिंगची सवय नाही त्यांनी स्क्रूचे कनेक्टर असलेली मॉड्यूल मागावीत, मिळतात. वायरीचे सुटे तंतू पीळ देऊन घट्ट करा. एक तंतू बाहेर राहिला तरी शेजारच्या टोकाला टेकतो.

आता कट-ऑफमध्ये दोन आकडे भरायचे. किती व्होल्टला तोडायचं आणि तिथून किती वर गेल्यावर परत जोडायचं. मी तोडायला १६ ठेवतो, म्हणजे सेलमागे ३.२. सेल ३ व्होल्टपर्यंत उतरू शकतो, पण १६ च्या खाली आता फारशी वीज उरलेलीच नसते. थोडक्यासाठी सेल झिजवण्यात अर्थ नाही. परत जोडण्याचा फरक २ ठेवा, म्हणजे १८. हा फरक छोटा ठेवलात तर गंमत बघा काय होते: लोड सुटला की दमलेल्या बॅटरीचं व्होल्टेज जरा वर येतं, रिले परत जोडते, व्होल्टेज पुन्हा पडतं, रिले पुन्हा तोडते. टक-टक-टक आवाज येत राहतो आणि राउटर दर मिनिटाला नव्याने सुरू होतो.

सेल अडीच व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला तर नेमकं काय बिघडतं, हेही सांगतो, म्हणजे १६ चा आग्रह पटेल. सेलच्या आत ऋण बाजूला तांब्याचा पातळ पत्रा असतो. व्होल्टेज फार उतरलं की त्यातलं तांबं आतल्या द्रवात विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी जाऊन बसतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून चार्जर अशा बॅटरीला नाकारतो. तो हट्टी नाही, शहाणा आहे. दुसऱ्या बॅटरीने "धक्का देऊन" मेलेला पॅक जागा करण्याचे प्रकार लोक करतात. माझी बॅटरी अजून फळीवर आहे, मी ते केलेलं नाही, तुम्हीही करू नका.

कन्व्हर्टरचं व्होल्टेज बसवताना राउटर जवळपासही नको, आणि डायोडही १२ व्होल्ट बसल्यावरच लावा. फ्यूज लावा, बॅटरी लावा, मल्टीमीटर कन्व्हर्टरच्या आउटपुटवर. मॉड्यूलवर निळ्या रंगाचा छोटा प्रीसेट असतो, वर पितळी स्क्रू. तो बहुधा २५ फेऱ्यांचा असतो. कारखान्यातून तो कुठल्याही टोकाला ठेवलेला येतो, त्यामुळे पहिल्या दहा-पंधरा फेऱ्या आकडा हलतच नाही आणि माणसाला वाटतं मॉड्यूल बिघडलेलं आहे. धीर धरा, फिरवत राहा. १२.० आला की थांबा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे पेटी हलवताना तो सरकणार नाही.

डायोडबद्दल. बक कन्व्हर्टरच्या आत एक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करत असतो. तो स्विच जळून जोडलेल्या अवस्थेतच चिकटला, तर बॅटरीचे २० व्होल्ट थेट राउटरमध्ये जातात. स्वस्त मॉड्यूलमध्ये हे घडतं. पी६केई१५ए हा डायोड आउटपुटच्या प्लस-मायनसमध्ये आडवा लावायचा, त्याच्यावरच्या पट्टीचं टोक प्लसकडे. १२ व्होल्टला तो गप्प असतो. १५ च्या आसपास गेलं की तो स्वतःतून इतका करंट जाऊ देतो की फ्यूज उडतो. चार-पाच हजारांचा राउटर काही रुपयांच्या डायोडने वाचतो. पट्टी उलटी लागली तर आउटपुट १२ वर येणारच नाही, म्हणजे चूकही लगेच कळेल.

बल्बची परीक्षा

राउटर लावण्याआधी तो ब्रेक लाइटचा बल्ब पिनच्या वायरींना जोडा. २१ वॉट म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर, बहुतेक राउटरच्या खऱ्या गरजेपेक्षा जास्त. एलएम२५९६ असेल तर दहा मिनिटं, एक्सएल४०१५ असेल तर अर्धा तास चालू ठेवा. काचेला हात लावू नका, चांगलीच तापते. दर काही मिनिटांनी तीन गोष्टी बघा. आउटपुट १२ वर टिकून आहे का? कन्व्हर्टरला बोट दोन सेकंद लावून धरवतं का? वायर किंवा फ्यूज होल्डर कुठे गरम होतोय का? जिथे ऊब लागते तिथला जोड कच्चा आहे, तो पुन्हा करा.

मग बॅटरी बल्बवर मुद्दाम संपवा (एलएम२५९६ असेल तर दर दहा मिनिटांनी बल्ब काढून त्याला निवू देत) आणि १६ ला रिले तोडते का, ते डोळ्यांनी पाहा. हा भाग अनेकजण गाळतात, कारण त्यात वेळ जातो. माझ्या मते पूर्ण पेटीत हीच परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. राखणदार नेमला आणि तो रात्री जागा असतो का ते पाहिलंच नाही, असं कसं चालेल?

सगळं ठीक असेल तर जंक्शन बॉक्समध्ये बसवा. पत्र्याचा डबा नको. बॉक्सला दोन्ही बाजूंनी चार-चार भोकं पाडा, हवा खेळू द्या. चालू असताना पेटी उशीखाली, पडद्यामागे, कपड्यांच्या ढिगात ठेवू नका.

किती वेळ चालेल?

व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. १८ गुणिले ४ म्हणजे ७२. कन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के उष्णता होऊन जातात, म्हणजे हाती साधारण ६३. माझ्या घरच्या राउटरचा अडॅप्टर १ अँपिअरचा आहे, पण मोजल्यावर तो प्रत्यक्षात ०.६२ अँपिअरच घेतो, म्हणजे साडेसात वॉट. ६३ भागिले साडेसात, आठ तासांच्या थोडं वर. २ अँपिअर-अवरच्या पॅकवर चार तास. गुरुवारची सकाळ त्यात निघते. अडॅप्टरवरचा आकडा ही कमाल मर्यादा असते, खरा खर्च बहुतेक वेळा कमी निघतो.

फोनचा हिशेब: ५,००० मिलीअँपिअर-अवरच्या फोनमध्ये सुमारे १९ वॉट-अवर. त्याच ४ अँपिअर-अवरच्या पॅकवर तीन फोन पूर्ण. गणपतीत मखराला एलईडी पट्टी लावायची असेल तर पट्टीचा प्रकार बघा. मीटरला ६० दिवे असलेली साधी पट्टी मीटरमागे ४.८ वॉट घेते, आणि तेवढ्याच दिव्यांची जाड ५०५० वाली पट्टी १४.४. दिसायला सारख्या, खर्च तिप्पट. पहिली पाच मीटर एक्सएल४०१५ च्या पेटीवर लावली तर अडीच तास, दुसरी लावण्याचा विचार या पेटीवर करूच नका.

लॅपटॉपबद्दल लोक हमखास विचारतात. टाइप-सीवर चार्ज होणाऱ्या बहुतेक लॅपटॉपना पूर्ण वेगासाठी २० व्होल्ट लागतात. आपला पॅक तर बराच वेळ १८-१९ वर असतो. मॉड्यूल नुसतं उतरवणारं असेल, तर त्यावर ६५ वॉट किंवा १०० वॉट छापलेलं असलं तरी ते २० व्होल्ट आणणार कुठून? ते १५ व्होल्टवर येतं, काही लॅपटॉप तेवढ्यावर हळूहळू चार्ज होतात, काही अजिबात नाही. त्यासाठी चढवणारं-उतरवणारं दोन्ही करणारं पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) मॉड्यूल लागतं, आणि ते घेताना विक्रेत्याला हा प्रश्न स्पष्ट विचारावा लागतो.

काही गोष्टी ठामपणे सांगतो. दोन पॅक समांतर जोडून क्षमता वाढवायला जाऊ नका. एक भरलेला, एक अर्धा असला तर पहिला दुसऱ्यात बेफाम करंट ओततो. डॉकच्या वायरींतून पॅक चार्ज करू नका. पॅकवर प्लस-मायनसशिवाय आणखी एक-दोन पट्ट्या असतात, त्यांतून चार्जर तापमान वाचतो, आणि वायरींतून चार्ज करताना तो डोळे मिटलेला असतो. चार्जिंग नेहमी मूळ चार्जरवरच. पॅक उघडू नका.

वापर झाला की बॅटरी डॉकमधून काढा. कट-ऑफने तोडलं तरी त्याचा स्वतःचा डिस्प्ले बॅटरीतून थोडं थोडं खातच असतो. मी पेटीच्या झाकणावर जाड मार्करने "बॅटरी काढली का?" असं लिहून ठेवलंय, आणि बायकोने त्याखाली स्वतःच्या अक्षरात "खरंच?" असं. तेव्हापासून एकदाही राहिलेली नाही.

फार दिवस वापरायची नसेल तर अर्धी भरलेली ठेवा, १८.५ व्होल्टच्या आसपास. दोन-तीन महिन्यांनी मोजा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो, तेव्हा उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत बॅटरी ठेवू नका. कामावरून गरम झालेली असेल तर निवल्यावरच चार्जरला लावा. लोहगावहून विमानाने जायचं असेल तर सुटी बॅटरी केबिनच्या सामानात, टोकांवर चिकटपट्टी लावून, आणि १०० वॉट-अवरपर्यंतच. ५ अँपिअर-अवरचा पॅक ९० चा, चालतो. ६ चा १०८ चा होतो, त्याला विमान कंपनीची परवानगी लागते.

फुगलेला, पाण्यात पडलेला किंवा माझ्यासारखा खोल उतरलेला पॅक ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर पेट घेऊ शकतो, आणि ती गाडी हाताने रिकामी करणारी माणसं असतात. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या. माझी फळीवरची बॅटरीही या रविवारी तिकडे जाते आहे. चिकटपट्टी लावून झालीय.